पहिल्या फळीतली लोवेना

आणि मग आमच्या आठही बायकांनी एका दमात, जीव खाऊन जोर लावला. फक्त पुढं ढकलायच्या ऐवजी मागं ओढलं!

समोरच्या आठजणी बिचाऱ्या टक्कर द्यायच्या तयारीनं अंग झोकून आलेल्या. टकरीला समोर कुणी असेल तर ना! दार नुसतं लोटलेलं आहे हे ठाऊक नसताना खांदा मारणाऱ्याचं जे होतं, तेच त्यांचं झालं. आमच्या आठजणी पाठीवर, त्यांच्या आठजणी नाकावर, आणि चेंडू मधल्यामध्ये चिखलात एकटाच. पंच म्हणजे तीस वर्षं शिट्टी फुंकत आलेले गृहस्थ. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली, खाली घेतली, परत नेली. शेवटी म्हणाले, "बायांनो, हा गुन्हा पुस्तकात नाही."

पण यात बायकांचा तरी काय दोष? इंग्लंडच्या पार टोकाला समुद्रकाठी वसलेल्या आमच्या पोर्थगॅरो गावच्या बायका त्या. चालायच्या आधी गिगमध्ये बसलेल्या. गिग म्हणजे आमची सहा वल्ह्यांची लाकडी होडी. वल्हवणारीची पाठ पुढं, तोंड मागं. सुकाणूवरच्यानं हाक दिली की पाय रोवायचे, अंग मागं टाकायचं आणि ओढायचं. हिवाळ्यात समुद्र होडी घालू देत नाही, मग करायचं काय, म्हणून या बायकांनी रग्बीचा संघ काढलेला. तो त्यांचा पहिलाच सामना आणि आयुष्यातला पहिलाच स्क्रम. आठाला आठजणी खांद्यात खांदा अडकवून, रेड्यांच्या टकरीसारखं भिडायचं आणि समोरच्यांना रेटायचं, हे सगळं त्यांना नीट समजावलं होतं. पंच म्हणाले, "वाका… धरा… भिडा!" इथवर सगळं बरोबर. पण मैदानाच्या कडेला उभे होते जोरी ट्रेम्बाथ, चाळीस वर्षं गिगच्या सुकाणूवर बसलेले. म्हाताऱ्याला राहवलं नाही. त्यानं सवयीनं आरोळी ठोकली, "ओढाऽऽ, पोरींनो!"

ओढलं पोरींनी.

जोरीची नात लोवेना तेव्हा सतराची. पहिल्या फळीत, डाव्या टोकाला. तिच्या अंगावर दोन मावश्या आणि टपालवाली पडली होती. ती खालून इतकी हसत होती, की पंचांना वाटलं पोरगी गुदमरली. त्यांनी ओढून काढली तर डोळ्यांतून पाणी, तोंडात चिखल, आणि म्हणते कशी, "अजून एकदा करू या का?"

त्या दिवशी आम्ही बेचाळीस-शून्यानं हरलो. पण गावाला एक रीत मिळाली.

झालं असं, की पाहुण्यांच्या पहिल्या फळीतल्या तिघींची नाकं सोलवटली होती. लोवेनाची आई सिदवेल, जिची गावात भट्टी आहे, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाहुण्यांची नाकं फोडून उपाशी लावून द्यायचं? पोर्थगॅरोत?" तिनं तिघींची नावं विचारली आणि पेस्ट्या लाटायला घेतल्या. पेस्टी म्हणजे करंजीची थोरली बहीण. काठाला तशीच मुरड, पण आत गोमांस, बटाटा, कांदा, सलगम. एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत भुकेचं नाव नाही. आमच्याकडं पेस्टीच्या एका कोपऱ्यावर कणकेचं अक्षर लावतात. ज्याचं अक्षर त्याची पेस्टी. मग दुसरा कितीही भुकेला असो, नवरा असो की पाद्री, हात लावायचा नाही. अक्षराची पेस्टी म्हणजे भट्टी पेटायच्या आधी कुणीतरी तुमची आठवण काढली. त्या तिघी अक्षरं बघून आधी बावरल्या, मग त्यांनी पेस्ट्या खाल्ल्या, मग एकीनं अक्षर तेवढं खिशात घालून घरी नेलं. तेव्हापासून आमच्या बायकांचा नेम: कुठलाही संघ येवो, ज्यांच्याशी डोक्याला डोकं लावून लढलो, त्या तिघींना त्यांच्या अक्षराच्या पेस्ट्या.

लोवेना वाढली ती अशी. पुढच्या चार वर्षांत संघ हळूहळू पुढं ढकलायला शिकला आणि लोवेना तर अशी शिकली, की बाकीच्या सातजणी तिला धरून राहिल्या तरी पुरे. पायांत वल्हवणारीचा जोर, मान तिच्या आजोबांसारखी आखूड आणि जाड. आधी जिल्ह्याच्या संघात घेतलं. मग एकविसाव्या वर्षी टेमर नदीपलीकडून, ब्रेडन नावाच्या मोठ्या क्लबाचं पत्र आलं. आमच्याकडं नदीपलीकडं म्हणजे परदेशच. जोरी पत्र उलटंसुलटं करून म्हणाले, "तिकडचं पाणी गोडं असतं म्हणे. सांभाळून पी."

पत्रात एक अट होती. एक हंगाम बघू. एप्रिलमध्ये ठरेल, दोन वर्षांचा करार की परत घर. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा लाल गुलाबाचा सदरा अशाच मोठ्या क्लबांतून मिळतो, हे लोवेनाला पक्कं ठाऊक होतं. दुसरा रस्ता नव्हता.

ब्रेडनच्या प्रशिक्षक हारग्रीव्हबाई. उंच, शिडशिडीत, बोलायच्या कमी आणि वहीत लिहायच्या जास्त. पहिले दोन महिने त्यांनी लोवेनाबद्दल नुसतंच लिहिलं. ऑक्टोबरात पहिल्यांदा मैदानावर उतरवलं, आणि समोर कोण? उत्तरेचा संघ. त्यांच्या पहिल्या फळीत, बरोबर लोवेनाच्या समोर, बर्निस ओल्डरॉइड. वय चौतीस, इंग्लंडकडून नऊ वर्षं खेळलेली, कान दोन्ही फुलकोबीसारखे. तिच्याविषयी म्हणायचे, की ती घरातलं कपाटसुद्धा खांद्यानंच सरकवते.

सामन्याच्या चार दिवस आधी लोवेना क्लबाच्या कचेरीत गेली. "समोरच्या पहिल्या फळीतल्या तिघींची नावं हवी होती. आणि मांस कुणी खात नसेल, तर तेही."

कारकुनानं मान वर केली. "मांस?"

"हो. कांदा चालतो का, तेही कळलं तर बरं."

ही गोष्ट हारग्रीव्हबाईंच्या कानावर गेली. त्या खूश. वहीत लिहिलं, 'पोरगी प्रतिस्पर्ध्याचा बारीक अभ्यास करते.'

पोरगी सामन्याच्या सकाळी पाचला उठून पेस्ट्या भाजत होती! तीन पेस्ट्या, तीन अक्षरं: बर्निसचा बी, कीलीचा के, ओडेटचा ओ. पाहुण्यांची बस सामना संपताच निघणार होती, म्हणून तिनं फडक्यात गुंडाळलेला डबा सामन्याआधीच त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवला आणि निर्धास्त मनानं बूट बांधायला गेली.

इकडं त्या खोलीत हलकल्लोळ.

"आपली अक्षरं आहेत ही!"

"यादी आहे. कुणाला आधी आडवं करायचं त्याची."

"मग माझंच अक्षर एवढं मोठं का?" कीली रडकुंडीला आली. आता 'के' थोडं थोराड झालं होतं खरं, पण ते शेवटी कणीक उरली म्हणून! त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून वास घेतला, हुंगता हुंगता एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "वास तर फारच छान येतोय. म्हणूनच कुणी हात लावू नका."

 बर्निसनं दातांवरचं रबर चढवलं.

मग काय सांगावं! चार स्क्रम झाले आणि चारही वेळा आमची लोवेना उताणी. पंच "भिडा" म्हणायचे आणि पुढच्या क्षणाला तिला आकाश दिसायचं. चौथ्या वेळी तर तिनं आकाशात एक बगळाही बघितला, असं तीच सांगते. चार दंड झाले, त्यातून बारा गुण गेले, सामना गेला. हारग्रीव्हबाईंनी तिला बाहेर काढलं. तेवढ्यात डब्याची हकीकत त्यांना कळली.

"प्रतिस्पर्ध्यांना जेवू घालायचं असेल," त्या म्हणाल्या, "तर खानावळ काढ. स्क्रममध्ये जेवण नको वाढूस. एप्रिलपर्यंत हा स्क्रम सुधारला नाही, तर तू आणि तुझी होडी."

लोवेना मैदानामागच्या लाकडी पायरीवर जाऊन बसली. हसरी पोरगी, पण त्या दिवशी तिला हसू सापडेना. घरी काय तोंडानं जायचं? एवढ्यात समोर सावली पडली, चांगली ऐसपैस. बर्निस उभी होती. हातात पेस्टी.

"ए पोरी. हे काय आहे?"

"पेस्टी."

"ते दिसतंय मला. माझं अक्षर का यावर?"

"तुमचीच आहे म्हणून."

"माझी? मी कधी मागितली?"

"आमच्याकडं मागायची नसते, ताई. ज्यांच्याशी डोकं लावून खेळायचं, त्यांना करून घालायची. गावची रीत आहे."

बर्निसनं तिच्याकडं बघितलं, पेस्टीकडं बघितलं. "म्हणजे यात काही… नाही ना?"

"सलगम आहे."

बर्निस पायरीवर बसली तशी पायरी कुरकुरली. तिनं एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिनं डोळे मिटले. "आणि मी तुला रागानं चारदा झोपवलं," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "अरेरे. कीलीनं तर तिची डब्यासकट कचऱ्यात टाकली गं."

"सगळ्यांत मोठं अक्षर तिचं होतं!" लोवेना कळवळून म्हणाली.

त्यावर बर्निस जी हसायला लागली ती थांबेचना, आणि मग लोवेनालाही हसू सापडलं. दोघींची मुरकुंडी वळली. हसणं ओसरल्यावर बर्निसनं बोटं चाटली आणि म्हणाली, "होडी वल्हवतेस ना तू?"

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बरगड्यांनी. हे बघ, पंच 'भिडा' म्हणायच्या आधी तू छातीभर श्वास घेतेस. ओढायच्या आधी घेतात तसा. छाती फुगली की खांदा दोन बोटं वर येतो. तेवढी फट मला बास आहे. मी खालून शिरते, तू आभाळ बघतेस. बाहेरून कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण माझं डोकं तुझ्या छातीला लागलेलं असतं. मला ऐकूसुद्धा येतो."

"मग काय करू?"

"'वाका'ला घे, 'धरा'ला सोड. भिडताना आत हवा नको. सांगायला सोपं आहे, पण सवय मोडता मोडत नाही. बघ बाई." आणि ती उठून बसकडं गेली. जाता जाता वळून ओरडली, "पुढच्या वेळी मिरी जास्त टाक!"

सवय खरंच मोडेना. रोज सरावाला लोवेना 'वाका'ला घ्यायची, 'धरा'ला सोडायची आणि 'भिडा'च्या आधी तो चोरटा श्वास आपला हळूच आत. अकरा वर्षं वल्हवलेली ती. छाती कोणाचं ऐकते? नाताळात घरी आली ती हाच घोर घेऊन. पहिल्याच दिवशी धक्क्यावर आजोबांना सगळं सांगितलं.

जोरींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. नाक भरून श्वास घे आणि मग ओढ, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना.

"म्हणजे अकरा वर्षं मी तुला चुकीचं शिकवलं म्हण की."

"नाही हो आजोबा. पाण्यात बरोबर आहे. जमिनीवर चूक."

"जमीन मला कधी आवडलीच नाही," म्हातारा म्हणाला आणि विचारात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला उतारावर उभी केली. गिग पाण्यातून काढून छपरीत न्यायची तर चाकांच्या गाड्यावर घालून त्या उतारावरून वर रेटावी लागते. आठजणींचं काम. जोरींनी एकटीला लावलं. ती वाकली, खांदा गाड्याला लावला. जोरींनी तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, चहानं काठोकाठ भरलेला कप ठेवला.

"आजोबा, हे काय?"

"चहा. माझाच आहे. सांडू नकोस. वाका… धरा…"

चहा सांडला. मानेवरून ओघळून कानात गेला.

"घेतलास श्वास."

"नाही घेतला!"

"मग चहानं घेतला का? भर गं सिदवेल दुसरा."

पहिल्या दिवशी सतरा कप सांडले. सिदवेल भट्टीवरून ओरडायची, "चहा काय समुद्रातून येतो का?" दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बघायला. गिगच्या बायका कठड्यावर ओळीनं बसून पैजा लावत होत्या, टपालवाली टपाल विसरली होती. एक समुद्रपक्षी तर सांडलेल्या चहाच्या आशेनं रोज हजर. कप काठोकाठचा असायचा, म्हणजे पाठ दोन बोटं सोडाच, केसभर उचलली तरी ओघळ. सहाव्या दिवशी 'भिडा' म्हटल्यावर गाडा हात-दीड हात वर सरकला आणि चहा जागच्या जागी थरथरला, पण सांडला नाही. कठड्यावरून एकच आरोळी उठली. जोरींनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गार झाला," ते म्हणाले. "पण असला चांगला चहा मी जन्मात प्यायलो नाही."

जानेवारी ते एप्रिल ब्रेडनच्या स्क्रममध्ये लोवेना एकदाही उताणी झाली नाही. हारग्रीव्हबाई बघत होत्या, लिहीत होत्या, बोलत नव्हत्या. करार होणार की नाही, कुणाला थांगपत्ता नाही. हंगामाचा शेवटचा सामना आला आणि तोही उत्तरेच्याच संघाशी. त्या आधी बाईंनी एकच वाक्य बोलून दाखवलं: "आज बर्निससमोर उभी राहिलीस, तर आपण बोलू. पडलीस, तर बोलायचं काही उरत नाही."

पोर्थगॅरोहून एक आख्खी बस आली. आमच्या बायका, तीन अक्षरांच्या पेस्ट्यांचा डबा घेतलेली सिदवेल, टपालवाली, आणि पुढच्या बाकावर जोरी, तोंडावर लोकरी मफलर गुंडाळलेला. तो सिदवेलनं गुंडाळला होता, म्हातारा सवयीनं काही ओरडू नये म्हणून.

पहिला स्क्रम. "वाका." लोवेनानं श्वास घेतला. "धरा." सोडला. समोर बर्निसचं डोकं येऊन टेकलं आणि त्या अंधारातून आवाज आला, "काय गं, आभाळ बघायचंय का?"

"नको. आज ढगाळ आहे."

"भिडा!"

सोळाजणींच्या हाडांचा असा आवाज झाला, की पहिल्या रांगेतल्या माणसांनी पाय मागं घेतले. बर्निस खालून शिरायला गेली. फट नव्हती. पुन्हा दुसऱ्या बाजूनं बघितलं, तिथंही नव्हती. दोघी जागच्या जागी, गवतात पाय रुतलेले, एक इंच इकडं नाही की तिकडं नाही. आणि मग हळूहळू, भरती वाळूवर चढावी तशी, ब्रेडनची आठजणींची फळी पुढं सरकायला लागली. एक पाऊल. दोन पावलं. बर्निस ओल्डरॉइड मागं गेली! पंचांनी शिट्टी मारली आणि हात ब्रेडनकडं दाखवला. बसमधून आलेलं सगळं गाव उभं राहिलं. जोरींनी तोंडावरचा मफलर ओढून काढला आणि ते दोन्ही हात वर करून उभे राहिले.

सात स्क्रम झाले. त्यातल्या दोनांत बर्निस मागं गेली, एकात लोवेना गेली, बाकीच्यांत दोघी हटल्या नाहीत. सामना मात्र तीन गुणांनी हरलो, कारण ब्रेडनच्या लाथ मारणारीनं शेवटी मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला. पण आमच्या गावाला ते कुठं माहीत! ते जिंकल्यासारखे नाचत होते. शेवटी पाहुण्यांनीच विचारलं, गुण तुम्ही मोजले की आम्ही?

शिट्टी झाली तशी बर्निसनं लोवेनाला बगलेत घेतलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली. "आता खुशाल म्हातारी होईन मी," ती म्हणाली. मग कीलीला हाक मारली, "चल गं, ओळख करून देते. कचऱ्यात टाकायचं नाही काही या वेळी."

लोवेना चिखलानं माखलेली, ओठ फुटलेला, कचेरीत गेली. हारग्रीव्हबाईंनी टेबलावर दोन कागद ठेवले होते. दोन वर्षं, खाली क्लबाचा शिक्का. लोवेनानं ते वाचलेच नाहीत. वाचायला डोळ्यांत जागा कुठं होती? तिनं मनगटानं नाक पुसलं आणि तिथल्या तिथं सही केली. चिखलाचा अंगठाही उमटला, तो आपोआप.

बाईंनी कागद उचलला, चिखल वाळावा म्हणून थोडा वेळ हातात धरून ठेवला. मग वही उघडली, पेन काढलं. "एक सांग. ऑक्टोबरपासून आम्ही तिघी प्रशिक्षक तुझ्या मागं होतो. तुझे सगळे स्क्रम शंभर-शंभर वेळा बघितले. तुझं काय चुकतंय ते आम्हाला कुणाला दिसलं नाही आणि जानेवारीत तू सगळं सुधारूनच आलीस. तुला ते दाखवलं कुणी?"

लोवेना हसली. फुटलेला ओठ दुखला तरी हसली.

"बर्निसताईंनी. तुम्ही सगळ्या माझी माणसं ना, बाई, म्हणून माझ्या पाठीशी होतात. तोंडासमोर तेवढ्या त्याच एकट्या होत्या."